सोर्सचा रकाना

पडद्यावर माझी आई होती.

सातवी 'ब'चा वर्ग. एसी चालू. इंग्रजीच्या विभागप्रमुख, ज्यांना शाळेत सगळे एचओडी मॅडम म्हणतात, त्या मार्कर घेऊन फळ्यापाशी उभ्या होत्या. मी शेवटच्या बाकाशेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. मॅडम शिकवणार आणि मी पुढची स्लाइड काढणार, अशी आमची वाटणी होती.

"लुक ॲट धिस पुअर लेडी, चिल्ड्रन," मॅडम म्हणाल्या. "गिव्ह मी डिस्क्रायबिंग वर्ड्स. क्विक!"

हात वर झाले. मुलं हुशार होती. पुअर. मॅडमनी फळ्यावर लिहिलं. सॅड. लिहिलं. डर्टी. तिथे मॅडम जरा थांबल्या, "वी कॅन से अनटायडी" म्हणाल्या आणि अनटायडी लिहिलं. वीक. हेल्पलेस. अनएज्युकेटेड. या शेवटच्या शब्दावर मॅडम फार खूश झाल्या. "व्हेरी गुड! हाऊ डू यू नो?" त्या मुलाने सांगितलं, "हर फेस, मॅम." वर्ग हसला.

माझी आई पडद्यावर हसत नव्हती आणि रडतही नव्हती. ऊन डोळ्यांत जात होतं म्हणून तिने डोळे बारीक केले होते. डोक्याला रुमाल. साडीवरून बाबांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, कारण पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या हाताला ओरबाडतात. कमरेला जुन्या लुगड्याची झोळी, कापसाने फुगलेली. एक हात बोंडावर.

खिडकीजवळच्या एका मुलीने विचारलं, "मॅम, व्हॉट इज टाइड ॲट हर वेस्ट?"

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना माहीत नव्हतं, हे मला मागूनही कळलं. पण माहीत नाही असं म्हणायची त्यांना सवय नाही.

"हर बेबी, डिअर. देअर इज अ बेबी इन दॅट क्लॉथ. शी हॅज टू वर्क विथ हर बेबी."

सगळ्या वर्गातून 'ओऽऽ' असा आवाज निघाला. एका मुलीने लगेच वहीत लिहून घेतलं.

"नेक्स्ट," मॅडम म्हणाल्या.

मी नेक्स्ट दाबलं.

हे आधीच सांगून टाकते. पुढे जे सांगणार आहे त्यात मी थोडी बरी दिसेन, आणि मला बरं दिसायचं नाही. वर्गभर पोरांनी माझ्या आईला नावं ठेवली, ती फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिली गेली, आणि मी नेक्स्ट दाबलं. बोट थरथरलं नाही. डोळ्यांत पाणी आलं नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडला, भेंडीची भाजी होती, ती खाल्ली. खाताना चव लागत होती, हे मला अजून आठवतं.

मी यवतमाळकडची. पुण्यात एम.ए. केलं, इंग्रजी साहित्य घेऊन. मग बी.एड. कोथरूडच्या या इंग्रजी शाळेत मुलाखतीला गेले तेव्हा मी फाइल छातीशी धरून बसले होते. प्रिन्सिपल सरांनी गुणपत्रिका पाहिल्या, मान हलवली. एचओडी मॅडमनी आडनाव वाचलं आणि पुन्हा वाचलं.

"हे आडनाव आमच्याकडे ऐकलं नाही कधी. कुठलं गाव?"

मी गाव सांगितलं.

"आणि गावात घर कुठेशी येतं तुमचं?"

हा प्रश्न मला पाठ आहे. विचारणाऱ्याला घर नको असतं, दिशा हवी असते. मी म्हणाले, "वस्तीत. गावाच्या पलीकडच्या अंगाला."

"अच्छा, अच्छा." मॅडम हसल्या. "नाही, सहज विचारलं. आमच्याकडे तसलं काही नसतं हं."

मग त्यांनी मला एक उतारा मोठ्याने वाचायला सांगितला. मी वाचला. कुठेही अडले नाही. वाचून झाल्यावर त्यांनी सरांकडे पाहिलं आणि सरांनी खिडकीकडे. "इंग्रजी छान आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "पण उच्चार जरा... म्हणजे आम्हाला चालतं हो. पालकांना चालत नाही."

म्हणून मला वर्ग मिळाला नाही, रिसोर्स रूम मिळाली. आधी तिथे खेळाचं सामान ठेवायचे. कपाटाखाली अजून हवा गेलेले फुटबॉल होते आणि खोलीला रबराचा वास यायचा. मला पद दिलं रिसोर्स टीचर. काम असं, की पाचवी ते नववीच्या इंग्रजीसाठी, साहित्य आणि लेखन दोन्हींसाठी, इंटरनेटवर जे जे चांगलं असेल ते शोधायचं, आठवड्याच्या फोल्डरमध्ये लावायचं आणि मॅडम वर्गावर असताना लॅपटॉप चालवायचा. बाकीच्या शिक्षिकांना मॅडम 'अहो' म्हणायच्या. मला दुसऱ्याच दिवसापासून 'अगं'. वय हे कारण नव्हतं. माझ्याहून लहान एक बाई गणिताला होत्या, त्याही 'अहो' होत्या.

"एंगेजिंग पाहिजे हं," मॅडम म्हणायच्या. हा त्यांचा लाडका शब्द. "मुलं मोबाइलवर वाढलेली आहेत. पुस्तक उघडलं की जांभया देतात. त्यांना खिळवून ठेवेल असं शोध."

मी शोधायचे. मनापासून शोधायचे, हेही खरं. पहिले दोन महिने मला ती खोली आवडली होती. आयुष्यात प्रथमच कोणी मला दिवसभर इंग्रजी वाचायचे पैसे देत होतं. नाटकातले राजे कार्टून होऊन नाचायचे. कविता म्हणणारे आवाज होते. बरोबर उत्तराला फुगे फुटायचे, चुकीच्या उत्तराला बदक ओरडायचं. अर्धं जग सात दिवस फुकट होतं आणि आठव्या दिवशी क्रेडिट कार्ड मागायचं. आणि लेखनाचे विषय! बर्फ पडला त्या दिवसाचं वर्णन करा. पोटमाळ्यावर सापडलेल्या पेटीबद्दल लिहा. तुमच्या कुत्र्याच्या नजरेतून सहलीचा दिवस सांगा. पडलेला दात उशीखाली ठेवल्यावर येणाऱ्या परीला पत्र लिहा. मी ते सगळं उतरवून फोल्डरला लावत होते. आमच्या वस्तीत पडलेला दात घरावर फेकतात. परीला पत्ता कोण देणार?

एकदा मॅडमच म्हणाल्या, "हे सगळं फार परदेशी होतंय गं. पालकांच्या मीटिंगमध्ये एका बाबांनी विचारलं, आपल्याकडचं काही नाही का? काहीतरी इंडियन बघ. पण एंगेजिंग."

मी शोधलं. इंडियन म्हणून टाकलं की हत्ती यायचा, नाहीतर ताजमहाल, नाहीतर होळीचे रंग. शेतकरी टाकला की पिवळ्या शेतात पांढरंशुभ्र धोतर नेसलेला हसरा म्हातारा यायचा. बाई टाकली की डोक्यावर घागर.

त्या शोधात मला कुठल्याशा दूर देशातल्या एका शिक्षकाचं साधं पान सापडलं. ना फुगे, ना बदक. त्यावर एकच पाठ होता. मुलांना एक चित्र दाखवा. दहा मिनिटं द्या. डोळ्यांना जे दिसतं तेवढंच लिहायला सांगा. एकही विशेषण चालणार नाही. गरीब, सुंदर, दुःखी, असलं काही नाही. हात कुठे आहे ते लिहा. पायात काय आहे ते लिहा. बस.

मी ते पुन्हा वाचलं. आपल्याला कोणी असं बघितलं असतं तर, असं काहीसं मनात आलं होतं.

मी आठवीत असतानाची एक गोष्ट आहे. इंग्रजीचा निबंध, 'माय मदर'. गाइडमध्ये छापलेला होता. माझी आई गृहिणी आहे. ती लवकर उठते. ती स्वच्छ साडी नेसते. ती मला दूध देते. मी तो पाठ केला नाही. मी लिहिलं की माझी आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचते, तिच्या बोटांना चिरा पडतात आणि ती संध्याकाळी त्यावर मेण लावते. मेणाला इंग्रजी शब्द काय ते मी शब्दकोशात पाहिलं होतं. सरांनी लाल पेनाने उभी रेघ मारली, वरून खालपर्यंत. "गाइडात आहे ते लिव्ह," म्हणाले. "तुही माय कोनाले पाह्यची हाय?" वर्ग हसला होता. गाइडमधला निबंध मी दहा वेळा लिहिला. दहा वेळा माझी आई स्वच्छ साडी नेसली, दहा वेळा तिने मला दूध दिलं. त्यानंतर माझं इंग्रजी चांगलं होत गेलं.

तर त्या दूरच्या शिक्षकाचा पाठ मी घेतला आणि चित्र माझं लावलं. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले होते तेव्हा साध्या फोनवर काढलेला आईचा फोटो. पहिल्या स्लाइडवर लिहिलं, ही पंचफुला आहे, ती कापूस वेचते आहे. दुसऱ्या स्लाइडवर नियम. विशेषण नको. तिसऱ्यावर प्रश्न. तिचा डावा हात काय करतोय? तिच्या कमरेला काय आहे, ते कशासाठी असेल, आणि तुम्हाला माहीत नसेल तर कोणाला विचाराल?

हा शेवटचा प्रश्न मला फार आवडला होता.

आता सोर्सचं. शाळेत एक मोठा तक्ता होता, कॉम्प्युटरवरच, सगळ्यांना दिसणारा. प्रत्येक रिसोर्सची एक ओळ. इयत्ता, कौशल्य, लिंक, किती एंगेजिंग त्याचे तारे, आणि शेवटचा रकाना सोर्स. म्हणजे हे आणलं कुठून. तारे मॅडम द्यायच्या, सोर्स मी भरायचा. सोर्स न भरता ओळ पुढे जात नसे.

मी त्या रकान्यात काही लिहायच्या आत मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा वर करून फोटो पाहिला.

"अरे वा! हे छान आहे. कुठे मिळालं गं?"

माझ्या तोंडात शब्द होता. माय. एवढा एकच. मुलाखतीतलं 'अच्छा, अच्छा' मला आठवलं. गणिताच्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांनीही वाकून पाहिलं. आईच्या अंगातला बाबांचा शर्ट. पायातली निळी स्लिपर, तिचा पट्टा वेगळ्या रंगाचा.

"नेटवर मिळालं," मी म्हणाले.

"वाटलंच. फोटो किती प्रोफेशनल आहे बघा." मॅडमनी पाच तारे दिले.

मी सोर्सच्या रकान्यात लिहिलं, इंटरनेट.

पुढचं सगळं तिथून सुरू झालं. नेटवरची बाई म्हणजे कोणाचीच नसलेली बाई. तिचं काहीही करता येतं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी पाठ सुधारला. "नाव कशाला ठेवलंयस? मुलांना उच्चारायला जड जाईल." नाव गेलं. "आणि विशेषण नको हा काय प्रकार? विशेषणांशिवाय वर्णन कसं करतील? उलट करू या." उलट केलं. "हा शेवटचा प्रश्न काढ. माहीत नसेल तर कोणाला विचाराल म्हणजे काय, शिक्षक कशाला आहेत मग?" तो काढला. सगळं मी माझ्या हाताने काढलं. आणि मग तो सातवी 'ब'चा तास, जो मी सुरुवातीला सांगितला.

त्या झोळीबद्दल एवढंच सांगते. त्यात कोणी पोर घालत नाही. कापूस मळतो. मळला की मालक बोलतो. मी लहान असताना धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बाभळीखाली बसायचे, पाण्याची कॅन राखत. आईच्या अंगाला चिकटून राहायला मलाही आवडलं असतं.

तो तास इतका 'एंगेजिंग' ठरला की संस्थेच्या सगळ्या शाखांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना तो दाखवायचं ठरलं. एका शनिवारी, आमच्याच हॉलमध्ये. प्रिन्सिपल सरांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, हा कार्यक्रम नीट पार पडला तर जूनपासून तुम्हाला सातवीचा एक वर्ग देऊ. स्वतंत्र. उच्चारांचं बघू काय ते."

स्वतंत्र वर्ग. मी त्या दोन शब्दांसाठी पुण्यात राहिले होते. हिंजवडीच्या एका हॉस्टेलमध्ये सहाजणींत एक बाथरूम, तिथून दोन बस बदलून कोथरूडला यायचं, रबराच्या वासात बसायचं, ते सगळं त्या दोन शब्दांसाठी. मी सरांना थँक्यू म्हणाले. शनिवारी इस्त्रीचा ड्रेस घातला.

हॉल भरला होता. पडदा वर्गातल्यापेक्षा मोठा. आई आता माझ्या दुप्पट उंच दिसत होती. मी खाली एका कोपऱ्यात टेबलाशी, लॅपटॉपपुढे. मॅडमनी माइक घेतला आणि हे रिसोर्स 'आपल्याच विभागात तयार झालं' असं सांगितलं. मग म्हणाल्या, चला, आता तुम्हीच मुलं व्हा.

मोठी माणसं मुलं झाली. मुलांपेक्षा वाईट झाली. मॅडम बाजूच्या पांढऱ्या फळ्यावर लिहीत गेल्या. पुअर, सॅड, इल्लिटरेट. मागून एक सर ओरडले, "स्मेली!" मोठा हशा. मॅडमनी बोटाने दटावल्यासारखं केलं, आणि लिहिलं. म्हणाल्या, "ज्ञानेंद्रियांना आवाहन करणारा शब्द आहे, चांगलाच आहे." मग त्यांनी लेसरचा लाल ठिपका आईच्या पोटाशी नेला. "आणि हे पाहा. हर बेबी. एका फोटोत केवढी कथा आहे!"

हॉलमधून तोच आवाज आला. ओऽऽ.

"नेक्स्ट, प्लीज."

माझं बोट बटणावर होतं. ते खाली गेलं नाही. मी ठरवलं वगैरे काही नव्हतं. राग आला होता का, तर तेही नाही. आतून सगळं बधिर होतं, दाढ काढायच्या आधी हिरडी होते तसं. फक्त बोट खाली जात नव्हतं.

"नेक्स्ट," मॅडम पुन्हा म्हणाल्या. मग माइक बाजूला करून, "अगं, लक्ष कुठे आहे?"

मी उभी राहिले. "दॅट इज नॉट अ बेबी, मॅडम. दॅट इज कॉटन."

माझ्या उच्चारांत. जसे आहेत तसे.

"हाऊ डू यू नो?" मॅडम हसून म्हणाल्या. वर्गात मुलाला विचारतात तशा.

"शी इज माय मदर."

लाल ठिपका आईच्या पोटावरून घसरून जमिनीवर गेला. मला वाटलं आता मला बाहेर काढतील. तसं झालं असतं तर सोपं होतं. पण मॅडम हुशार आहेत. त्यांनी एक हात छातीवर ठेवला.

"अय्या! अगं, मग आधी नाही का सांगायचं? सो स्वीट!" आणि माइक तोंडाशी नेऊन, "फ्रेंड्स, ही आपल्या संस्थेची संस्कृती. कापूस वेचणाऱ्या बाईची मुलगी आज आपल्यात बसून इंग्रजी शिकवते आहे. गिव्ह हर अ बिग हँड!"

टाळ्या. स्मेली म्हणणारे सरही वाजवत होते, जरा जोरातच. टाळ्यांमागे फळा होता. फळ्यावर ते शब्द तसेच होते. कोणालाच त्या दोन्हींची एकत्र अडचण वाटत नव्हती.

तेव्हा मला जाग आली असं म्हणता येईल. वर्गातल्या पोरांनी नावं ठेवली तेव्हा आली नाही, टाळ्यांनी आली. शिव्या मी ओळखत होते. या टाळ्या मला ओळखायला वेळ लागला, पण मग ओळखल्या. गाइडमधली स्वच्छ साडी ती हीच.

मी फळ्यापर्यंत चालत गेले. डस्टर घेतलं आणि पुसायला लागले. एकेक शब्द. पुअर. सॅड. इल्लिटरेट.

"अगं, पुरे आता. राहू दे ते," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"टाळ्या नकोत मॅडम. हे शब्द पुसायला हवेत." माइक त्यांच्या हातात चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. टाळ्या थांबल्या. शेवटचा शब्द जरा वर लिहिलेला होता, चवड्यांवर उभं राहावं लागलं. तोही पुसला. मग मी लॅपटॉप बंद केला आणि पडदा निळा झाला.

रविवारी दुपारी आईला फोन केला. त्या दिवशी तिकडे बाजार असतो, मजुरीला खाडा असतो, ती घरी सापडते.

सगळं सांगितलं. फोटो दाखवला हे सांगितलं. कोणते शब्द ते सांगितलं नाही. ती आधी म्हणाली, "त्या दिवशीचा फोटो कायले दाखवला वं? केसं बी नोयते इंचरले माह्ये." मग म्हणाली, "अन् मंग तू काय सांगतलं त्याहिले, कोन हाय म्हनून?"

मी म्हणाले, "शेवटी सांगितलं माय."

"शेवटी काऊन? पयले इचारलं नाई काय कोनी?"

"विचारलं होतं."

"मंग?"

तिच्या बाजूला कोणाची तरी बकरी ओरडत होती. कितीतरी वेळाने ती म्हणाली, "हाव." नुसतं हो, एवढंच. त्यात राग असता तर मी रडले असते. मग म्हणाली, "माहा फोटो नको दाखवू आता कोनाले. मी का जत्रा हावो पाह्याले?" आणि फोन ठेवला. एरवी ती 'जेवली काय वं' विचारल्याशिवाय ठेवत नाही.

सोमवारी प्रिन्सिपल सरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. सर, एचओडी मॅडम, मी.

"सोर्स खोटा भरलात तुम्ही," सर म्हणाले. "इंटरनेट लिहिलंत. हे गंभीर आहे."

"हो सर. खोटा भरला."

त्यांना एवढ्या लवकर हो अपेक्षित नसावं. त्यांनी पेन इकडचं तिकडे केलं. "ठीक आहे. आपण हे पॉझिटिव्हली घेऊ. शनिवारनंतर दोन शाखांतून फोन आले, लोक हलून गेलेत. आपल्या वेबसाइटवर ॲडमिशनच्या पानावर ही स्टोरी घेऊ या. फोटो आणि खाली चार ओळी. कापसाच्या शेतातून वर्गापर्यंत, असं काहीतरी."

"एक छोटा व्हिडिओही करता येईल," मॅडम म्हणाल्या. "आईंना बोलाव ना पुण्याला. गाडीचं आम्ही बघू. दगडूशेठचं दर्शनही होईल त्यांचं." मग जरा पुढे झुकून, समजावल्यासारखं, "आणि हे बघ, येताना त्या तशाच कपड्यांत आल्या तर बरं. तो शर्ट वगैरे. ऑथेंटिक वाटतं गं."

आई पुण्याला यायची तर नवी साडी काढेल. तीन दिवस आधी काढून ठेवेल. मला ती साडी माहीत आहे, हिरवी, बारीक काठाची. आणि या बाई तिला सांगणार होत्या, ती नको, शेतातला शर्ट घाला.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"आई येणार नाही. फोटो मिळणार नाही. स्टोरी नाही."

सरांनी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, जूनचा वर्ग आम्ही जवळजवळ निश्चित केला होता. विचार करून सांगा."

"विचार केलाय, सर. वर्ग नको."

"आणि शनिवारच्या गैरवर्तनाबद्दल माफीचा मेल?"

"माफी मागायची आहे. ज्यांची मागायची त्या तुमच्या शाळेत नाहीत."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "बघा," त्या सरांना म्हणाल्या, मी तिथे नसल्यासारखं. "करायला जावं चांगलं, तर हे असं."

रिसोर्स रूममध्ये आले. तक्ता उघडला. ती ओळ शोधली, पाच ताऱ्यांची. सोर्सच्या रकान्यातलं इंटरनेट खोडलं आणि लिहिलं: पंचफुला, माझी आई. फोटो मी काढला. तिची परवानगी नव्हती. वापरू नये. मग फोल्डरमधून पाठ काढून टाकला. ओळ तशीच ठेवली, सगळ्यांना दिसणारी. त्यांनी ती नंतर पुसली असेल. मी बघायला थांबले नाही.

आता मी कोथरूडमध्येच एका खासगी क्लासमध्ये शिकवते. आठवी-नववीचं इंग्रजी, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. मुलं माझ्या उच्चारांवर पहिला आठवडा हसतात, मग सवय होते. आई फोन उचलते. 'जेवली काय वं' पुन्हा विचारायला लागली आहे. फोटोचा विषय तिने कधी काढला नाही, मीही नाही. ते मिटलं आहे असं मी समजत नाही.

शाळेतून निघून दोन महिन्यांनी मी तो पाठ नव्याने केला. माझ्या आवाजात. शिक्षकांनी आपापले पाठ ठेवावेत अशा एका फुकट साइटवर ठेवला, कोणीही कुठेही उघडू शकतं. आईने नको म्हटलं, म्हणून आई त्यात नाही. फोटो माझा आहे. क्लासच्या दारात उभी राहून काढून घेतला. इस्त्रीचा ड्रेस नाही, रोजचाच. एका हातात खडू, दुसऱ्या हातात डबा. डोळ्यांत ऊन जातंय म्हणून डोळे बारीक झालेत.

नियम तोच. विशेषण नको. शेवटचा प्रश्नही तोच ठेवला आहे, माहीत नसेल तर कोणाला विचाराल? आणि या वेळी सोर्स शेवटच्या रकान्यात नाही. पहिल्या स्लाइडवर आहे, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, माझ्या आवाजात वाचलेला, आणि तो संपेपर्यंत पुढची स्लाइड निघत नाही. सोर्स: पंचफुलाची मुलगी.

यापुढे मला बघायचं असेल त्याने आधी तेवढं ऐकायचं. मग बघायचं. आणि दिसतं तेवढंच लिहायचं.